वस्ताद, तालीम आणि चेंडू : महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकांच्या परंपरेविषयीं कांहीं विचार

या त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, शकावल्या आणि पोथ्या यांची संवय आहे. पायानें मारावयाच्या चेंडूचा विषय त्यांच्यापुढें मांडणें हें कित्येकांस धाडस वाटेल. तथापि मालेगांव येथील कॅम्प भागांतून संध्याकाळीं जातांना मैदानावर मुलांचे दोन पक्ष चेंडूमागें धांवत आहेत व कडेला एक गृहस्थ शिटी घेऊन उभे आहेत, हें दृश्य आम्हीं अनेकदां पाहिलें. आणि दर वेळीं एकच प्रश्न मनांत आला. कडेला उभा असलेला हा मनुष्य कोण? इंग्रजींत त्यास कोच म्हणतात, सरकारी कागदांत प्रशिक्षक म्हणतात, आणि जुन्या पेठेंत त्याच्याच जागीं उभ्या असणाऱ्यास वस्ताद म्हणत. तीन नांवांचा हा एकच अधिकारी आहे, कीं तीन निराळे आहेत? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विषय फूटबॉलचा असला तरी त्याचीं साधनें पोथ्यांत व दफ्तरांत आहेत, आणि जीं नाहींत तीं आमच्याच निष्काळजीपणामुळें नाहींत, हें शेवटीं दिसून येईल.

प्रथम स्थळाविषयीं. मालेगांव हें मोसम नदीच्या कांठचें गांव. गिरणा तेथून जवळच. नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं इ. स. १७४० च्या सुमारास येथें भुईकोट बांधिला. १८१८ च्या मे-जून महिन्यांत त्याच कोटांतील अरब शिबंदीनें इंग्रजांस जवळजवळ महिनाभर झुंजविलें, हें इतिहासज्ञांस विदित आहेच. पुढें इंग्रजांची छावणी बसली व तिच्यावरून एका भागास कॅम्प हें नांव पडलें. फौज गेली, नांव राहिलें. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकर येथें येऊन स्थायिक झाले आणि गांवास हातमागाचें, नंतर यंत्रमागाचें रूप आलें. याच कॅम्प भागांत १९५९ सालीं महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेनें महाविद्यालय काढिलें. संस्था कर्मवीर भाऊसाहेब हिरे यांनीं १९५२ सालीं स्थापिलेली. महाविद्यालयास नांव दिलें तें महाराजा सयाजीराव गायकवाड यांचें. बडोद्याच्या राजाचें नांव मालेगांवच्या महाविद्यालयास कां, असें परका मनुष्य विचारील. उत्तर सोपें आहे. सयाजीरावांचा जन्म याच मालेगांव तालुक्यांतील कवळाणें या खेड्यांत ११ मार्च १८६३ रोजीं झाला. शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ २७ मे १८७५ रोजीं महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि बडोद्याच्या गादीचा धनी झाला.

आतां दुसरी तारीख पाहावी. सयाजीरावांच्या जन्मानंतर साडेसात महिन्यांनीं, २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं, लंडनच्या एका खाणावळींत कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं फूटबॉल असोसिएशन नांवाची संस्था स्थापिली. हाताचा उपयोग किती करावा व प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारूं द्यावी कीं नाहीं, यावर पुढें वाद झाला, एक क्लब रागावून निघून गेला, आणि आज जगभर खेळला जाणारा खेळ ठरला. त्याच्याहि आधीं १८४८ सालीं केंब्रिज येथील विद्यार्थ्यांनीं एकत्र बसून आपले नियम लिहून काढिले होते. निरनिराळ्या शाळांतून आलेले विद्यार्थी निरनिराळ्या रीतीनें खेळत, त्यामुळें एकत्र खेळणें अशक्य होई. म्हणून लेखी नियम करणें भाग पडलें. खेळ रस्त्यावर जुनाच होता. त्यास शास्त्राचें रूप विद्यापीठांत आलें. हा मुद्दा लक्षांत ठेवण्याजोगा आहे, कारण महाविद्यालय व फूटबॉल यांचा संबंध नंतर चिकटविलेला नसून जन्मापासूनचा आहे.

हिंदुस्थानांत हा खेळ दोन दारांनीं आला. एक दार पलटणीचें. ड्युरंड चषक १८८८ सालीं सिमल्यास व रोव्हर्स चषक १८९१ सालीं मुंबईस सुरू झाला, आणि दोहोंतहि आरंभीं गोऱ्या पलटणींचेंच राज्य होतें. रोव्हर्स चषक प्रथम वूस्टरशायर पलटणीनें नेला. तो हिंदी संघाच्या हातीं यावयास १९३७ साल उजाडलें, आणि नेणारा संघ बंगलोर मुस्लिम्स हा होता. दुसरें दार शाळा-कॉलेजांचें. कलकत्त्यास १८७७ च्या सुमारास हेअर स्कुलांतील नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या मुलानें गोऱ्यांच्या मैदानावरून बाहेर आलेल्या चेंडूस लाथ मारिली आणि मग सोबत्यांस जमवून चेंडू विकत घेतला. त्या मुलांस खेळाचे नियम समजावून देण्यास जवळच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजांतील स्टॅक नांवाचे प्रोफेसर पुढें आले, असें बंगाली इतिहासकार सांगतात. हिंदी विद्यार्थ्यांस फूटबॉल शिकविणारा पहिला ज्ञात शिक्षक हा कॉलेजाचा प्रोफेसर होता, आणि त्यास त्याबद्दल वेतन नव्हतें. १९११ च्या २९ जुलैस मोहनबागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून ढाल जिंकिली, त्या विजयाचें मूळ या शाळकरी खेळांत आहे.

श्रीनगरची हकीकत याहून निराळी. तेथें मिशन शाळेचे प्रमुख टिंडेल-बिस्को यांनीं १८९१ सालीं चामड्याचा चेंडू आणिला, तेव्हां ब्राह्मण मुलांनीं त्यास स्पर्श करण्यास नकार दिला. मास्तरांच्या हातीं काठ्या देऊन मुलांस मैदानावर लोटावें लागलें. या प्रसंगाकडे पाहून हंसणें सोपें आहे. आम्ही स्वतः सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलों. चर्मास स्पर्श केल्यास स्नान हा नियम आम्हांस ठाऊक आहे. परंतु मृदंगाची पुडी चामड्याची, मृगाजिन चामड्याचें, आणि तीं देवघरांत चालतात, हेंहि ठाऊक आहे. विरोध चामड्यास थोडा आणि त्या रीतीनें तें लादणाऱ्यास अधिक असावा, असें आमचें मत आहे.

येथवर जें सांगितलें त्यावरून पूर्वपक्ष असा उभा राहतो, कीं हा खेळ सर्वस्वीं परकी आहे, म्हणून त्याचा शिक्षकहि परकी आहे, आणि आमच्या वस्तादाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. याच्या उलट दुसराहि एक पक्ष अलीकडे ऐकूं येतो, तो असा कीं फूटबॉल आमच्या पूर्वजांनींच काढिला. दोन्ही पक्ष आम्हांस मान्य नाहींत. दुसऱ्याचें निराकरण प्रथम करूं.

संस्कृत वाङ्मयांत चेंडू पुष्कळ आहे. दशकुमारचरितांत मित्रगुप्ताच्या कथेंत दामलिप्त नगरीची राजकन्या कंदुकावती देवीपुढें कंदुकनृत्य करिते. तेथें दंडीनें चूर्णपद, गीतमार्ग, गोमूत्रिकाप्रचार असे पारिभाषिक शब्द योजिले आहेत. परंतु हा चेंडू हातानें उडविण्याचा, आणि खेळणारी एकटी. सोमेश्वराच्या मानसोल्लासांत घोड्यावर बसून दोन पक्षांनीं चेंडू तोरणाकडे न्यावयाचा असा वाजिवाह्यालीविनोद आहे; तेथें पक्ष आहेत, लक्ष्य आहे, परंतु साधन काठी आहे. आमच्या संतकवींच्या बाळक्रीडेंत कृष्णाची चेंडूफळी आहे. तींतहि पायाचें काम नाहीं. पाणिनीच्या चौथ्या अध्यायांतील दुसऱ्या पादांत ज्या साधनानें प्रहार करावयाचा त्यावरून खेळास नांव देण्याचें सूत्र आहे, व त्याचीं उदाहरणें दांडा आणि मौष्टा हीं आहेत. पायानें खेळावयाचा चेंडू या वचनांतून काढणें म्हणजे ग्रंथावर बलात्कार करणें होय. जें नाहीं तें आहे म्हटल्यानें पूर्वजांची कीर्ति वाढत नाहीं; आमची मात्र कमी होते.

आतां पहिल्या पक्षाचा विचार. चेंडू परका, हें कबूल. परंतु तरुणांच्या समूहास शरीरविद्या शिकविणारा, त्यांचा आहार, निद्रा, श्रम यांवर नजर ठेवणारा, वयाप्रमाणें त्यांच्या पायऱ्या लावणारा आणि सामन्याच्या दिवशीं स्वतः बाजूस उभा राहणारा अधिकारी हा आमच्या देशांत नवा नाहीं. त्याची सर्वांत जुनी कथा आदिपर्वांत आहे, आणि ती खेळांतूनच निघाली आहे. हस्तिनापुराबाहेर राजपुत्र वीटा खेळत असतां ती विहिरींत पडली. कोणासच काढितां येईना. तेव्हां एका कृश ब्राह्मणानें दर्भाच्या काड्या एकीस एक विंधून ती वर काढिली. ही वार्ता भीष्मास कळतांच त्यानें तो कोण हें ओळखिलें व राजपुत्रांचा शिक्षक नेमिलें. द्रोणाची नेमणूक अर्जावर झाली नाहीं. मैदानावरील प्रात्यक्षिकावर झाली.

कथा सोडून शास्त्राकडे वळूं. मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराचा. त्यांत गणितासाठीं घेतलेला शक १०५१ असल्यामुळें काळ निश्चित आहे. या राजाचें बिरुद भूलोकमल्ल असें होतें, हेंहि येथें सूचक आहे. मल्लविनोदाच्या प्रकरणांत त्यानें मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगितले आहेत. वयावरून भविष्णु व प्ररूढ असे भेद केले आहेत. त्यांस उडीद, मांस, दहीं, दूध, तूप असा आहार नेमिला आहे. आणि श्रमाचे प्रकार सांगतांना भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणश्रम व स्तंभश्रम अशी यादी दिली आहे. वजन उचलणें, चालणें, पोहणें, बाहुबळ आणि खांबावरची कसरत. आजच्या महाविद्यालयीन संघाच्या पूर्वतयारीचें वेळापत्रक काढून त्याशेजारीं ही यादी ठेवावी. भाषेखेरीज फारसा फरक आढळणार नाहीं. आणि हें सर्व ज्याच्या देखरेखीखालीं चालावयाचें तो शिक्षक राजाच्या पदरीं असे. दुसरा ग्रंथ मल्लपुराण. तो ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेंतला. सांडेसरा व मेहता यांनीं तो संपादून १९६४ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत छापिला. मानसोल्लासहि त्याच मालेंत श्रीगोंदेकरांनीं १९२५, १९३९ व १९६१ अशा तीन भागांत प्रसिद्ध केला. म्हणजे आमच्या व्यायामशास्त्राचे हे दोन्ही आधार-ग्रंथ कवळाण्याच्या मुलानें काढिलेल्या मालेमुळें आज आमच्या हातीं आहेत. ही माला १९१६ सालीं काव्यमीमांसेनें सुरू झाली होती.

स्तंभश्रमावरून एका लोकमान्य समजुतीचा विचार करणें प्राप्त आहे. मल्लखांबाचे जनक म्हणून बाळंभटदादा देवधर यांचें नांव घेतात. ते नाशिक जिल्ह्यांतील कोठुरें येथील. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं राहून त्यांनीं निजामाकडून आलेल्या मल्लांचें आव्हान स्वीकारिलें, त्यासाठीं सप्तशृंगीच्या गडावर अनुष्ठान केलें आणि वानरांच्या उड्या पाहून खांबावरची विद्या साधिली, अशी परंपरा आहे. सप्तशृंगी आम्हां मालेगांवकरांची शेजारीण, त्यामुळें ही कथा आम्हीं आजीच्या तोंडून ऐकिली आहे. शक १०५१ च्या ग्रंथांत स्तंभश्रम असतां बाळंभटांस जनक म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांस पुनरुद्धारक व आद्य शिक्षक म्हणण्यास कांहींच हरकत नाहीं, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तेंच मोठें. कसरत कोणास सुचली हें महत्त्वाचें नसून ती कोणापासून कोणाकडे गेली हें महत्त्वाचें आहे.

ही वाट पुढें बडोद्यास जाते. तेथें जुम्मादादा नांवाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांचे पट्टशिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव. शिष्यानें जी व्यायामशाळा नांवारूपास आणिली तिचें नांव त्यानें आपलें न ठेवितां गुरूचें ठेविलें. जुम्मादादा व्यायाममंदिर या नांवानें ती सर्वत्र प्रसिद्ध झाली. एका हिंदु शिष्यानें मुसलमान गुरूचें नांव मंदिर या शब्दास जोडून कायम करावें, ही गोष्ट मालेगांवांत राहणाऱ्या मनुष्यास विशेष भावते. याच ठिकाणीं १९०७ ते १९१० या काळांत जगन्नाथ गणेश गुणे नांवाचा तरुण शिकला. तो पुढें अंमळनेर येथील राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यांत पडला व १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंद या नांवानें ख्याति पावला. मुंबई सरकारनें १९३७ सालीं शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठीं जी समिति नेमिली तिचे अध्यक्ष हेच. आणि तिच्या मागोमाग १९३८ सालीं कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था निघाली. मद्रासेस असें विद्यालय वाय्. एम्. सी. ए. च्या बक यांनीं १९२० सालींच काढिलें होतें. परंतु आमच्या इलाख्यांत शाळा-कॉलेजांच्या मैदानावर जो सनदी शिक्षक शिटी घेऊन उभा राहिला, त्याची वंशावळ कांदिवली, कुवलयानंद, माणिकराव, जुम्मादादा अशी मागें जाते. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढिले. ज्यांच्या संग्रहांत हे खंड आहेत त्यांनीं ते रद्दींत जाऊं देऊं नयेत.

तालमींतून मैदानाकडे जाणारी वाट प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर कोल्हापुरास जावें. शाहू छत्रपतींनीं रोम येथील रंगमंडल पाहून आल्यावर खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. त्याच शहरांत आज फूटबॉलचे जे संघ खेळतात त्यांचीं नांवें वाचावीं : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठींत तो कुस्तीच्या जागेस लागला, आणि कोल्हापुरांत चेंडू खेळणाऱ्या संघासहि लागला. पेठ तीच, मंडळ तेंच, मातीच्या जागीं गवत आलें. संस्थेनें परका खेळ आपल्या घरांत घेतला आणि त्यास आपलें आडनांव दिलें.

शब्दांचाच विचार निघाला म्हणून सांगतों. आखाडा हा शब्द अक्षवाट या संस्कृत शब्दावरून प्राकृताच्या द्वारें आला. वस्ताद हा फारसी उस्ताद. आणि कोच हा शब्द इंग्रजांचाहि मूळचा नव्हे! हंगेरी देशांत कोच नांवाचें खेडें आहे. तेथें उत्तम घोडागाडी तयार होत असे, म्हणून गाडीस तें नांव पडलें. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी, परीक्षेच्या पार गाडीप्रमाणें वाहून नेणाऱ्या खासगी शिक्षकास थट्टेनें कोच म्हणूं लागले, आणि १८६० नंतर तो शब्द खेळाच्या शिक्षकास लागला. तेव्हां मैदानावरचा कोच हा मूळांत शिकवणीचा मास्तर होय. आमच्या पेशाशीं त्याचें असें सख्खें नातें आहे.

तें नातें सिद्ध करणारा एक पुरुष आमच्या शेजारच्या हैदराबाद संस्थानांत होऊन गेला. सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशानें शाळामास्तर. १९५० सालीं ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे शिक्षक झाले आणि १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें त्या संघानें रोव्हर्स चषक नेला. त्यांच्या शिक्षणाखालीं हिंदी संघानें १९५१ सालीं दिल्लीस व १९६२ सालीं जकार्त्यास आशियाई सुवर्णपदक मिळविलें. १९५६ सालीं मेलबर्न येथें चौथें स्थान मिळविलें. तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध चारांपैकीं तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईकडून खेळणारा गोमंतकीय. जकार्त्याच्या वेळीं रहीमसाहेब क्षयानें नव्हे तर कर्करोगानें ग्रस्त होते, आणि ११ जून १९६३ रोजीं ते वारले. त्याच्या आधीं, १९४८ सालीं लंडन येथें बहुतेक अनवाणी खेळून फ्रान्सशीं एका गोलानें हरलेल्या संघाचा कप्तान तालिमेरेन आओ हा कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजाचा विद्यार्थी होता. कॉलेज व मास्तर या दोन गोष्टी वगळल्यास हिंदी फूटबॉलच्या इतिहासांत फारसें उरत नाहीं.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिला तें सांगतों. शक १०५१ मधील मल्लांचा आहार आम्हांस कळतो. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं आमच्याच जिल्ह्यांतील एखाद्या महाविद्यालयाच्या संघांत कोण होतें व त्यांस कोणीं शिकविलें हें विचारावें, तर कोणी सांगूं शकत नाहीं. आम्ही एका शाळेंत नोकरीस होतों. तेथें क्रीडासाहित्याच्या खोलींत एक जाड नोंदवही होती. सामन्यांच्या तारखा, खेळाडूंचीं नांवें, चेंडूंस ब्लॅडर बसविल्याचा खर्च, जोड्यांची दुरुस्ती, सारें तींत असे. आम्हीं ती अनेकदां हाताळिली, परंतु कधीं नक्कल करून घेतली नाहीं. एका उन्हाळ्यांत खोली झाडून काढिली तेव्हां ती रद्दीवाल्याच्या काट्यावर गेली. जन्मभर आम्हीं विद्यार्थ्यांस पोथीच्या पानाचा कोपरासुद्धां जपावयास शिकविलें, आणि डोळ्यांसमोरची वही आमच्यानें जपवली नाहीं. दोष झाडणाऱ्याचा नाहीं. ती वही साधन आहे हें आम्हांसच तेव्हां वाटलें नव्हतें.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं जुन्या वाड्यांत दफ्तर पाहावयास जाल तेव्हां भिंतीवरच्या संघाच्या छायाचित्राकडेहि पाहावें. त्याच्या पाठीमागें नांवें असल्यास तीं जशींच्या तशीं, डावीकडून उजवीकडे उतरून घ्यावीं. नसल्यास घरांतील वृद्धांस विचारून साल, ठिकाण व नांवें आजच लिहावीं. क्रीडाखात्याच्या नोंदवह्या, वार्षिक नियतकालिकें, तालमींच्या वर्गणीच्या याद्या, मोहरमच्या व गणेशोत्सवाच्या मेळ्यांतील लेझीम-पट्ट्यांचे हिशेब, हीं सर्व एकाच इतिहासाचीं पानें आहेत. मालेगांवांत मराठी व उर्दू दोन्ही लिपींत असे कागद असणार. दोन्ही वाचणारे एकत्र बसल्यावांचून येथील इतिहास पुरा होणार नाहीं. छायाचित्रांत कप्तानाच्या हातीं ढाल असते, तिच्यावर साल असतें. शेवटीं कडेला, टोपी घालून, हात मागें बांधून एक मनुष्य उभा असतो. त्याचें नांव प्रथम विचारावें. बहुधा तेंच सर्वांत आधीं विसरलेलें असतें.